टाके निघाल्यानंतरचे पाच आठवडे

सिझर झालेल्या बाळंतिणीच्या डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी साधारण दोन सूचना असतात. आठव्या दिवशी टाके काढायला येणे आणि दीड महिन्याने दाखवणे. पहिली सूचना सहसा चुकत नाही. अंगात धागा राहिलाय ही जाणीवच माणसाला दवाखान्यात आणून सोडते. दुसरी मात्र कार्डावरच राहते. दीड महिन्याने घरातून रिक्षा निघते ती बाळाच्या डोससाठी. बाळाचं वजन होतं, तोंडात थेंब पडतात, मांडीत सुई टोचली जाते, पुढची तारीख लिहून मिळते. त्याला घेऊन बसलेल्या आईचे टाके कसे आहेत, मध्यंतरी ताप आला होता का, लघवीला जळजळ होते का, हे विचारणं त्या टेबलाचं काम नसतं. तीही सांगत नाही, कारण बाळ रडत असतं आणि मागे रांग लागलेली असते.

सिझर आता अपवाद राहिलेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली देशातल्या साडेआठ टक्के प्रसूती सिझरने झाल्याचं दिसलं होतं. २०१५-१६ मध्ये हा आकडा १७.२ वर गेला आणि २०१९-२१ मध्ये २१.५ वर. शेवटच्या दोन पाहण्यांच्या दरम्यान महाराष्ट्र २०.१ टक्क्यांवरून २५.४ वर आला, म्हणजे दर चार बाळंतिणींत एक सिझरची. गोव्यात हेच प्रमाण ३९.५ आहे आणि तेलंगणात तर ६०.७. देशातल्या खासगी दवाखान्यांचा वेगळा हिशेब मांडला तर तिथल्या ४७.४ टक्के प्रसूती सिझरच्या निघतात, सरकारीतल्या १४.३ टक्के. यातली खरोखर गरजेची किती, हा वाद जुना आहे. प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्यावर माता आणि नवजात बालकांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ सालीच सांगून ठेवलं आहे. तो वाद व्हायलाच हवा, पण ज्या बाईचं पोट आता शिवून झालंय तिला त्याचा काही उपयोग नाही.

तिच्यासाठी सरकारी मोजमापात काय आहे? याच पाहणीत एक निर्देशांक आहे: प्रसूतीनंतर दोन दिवसांच्या आत आरोग्य कर्मचाऱ्याने आईची तपासणी केली का. २०१९-२१ मध्ये देशातल्या ७८ टक्के मातांच्या बाबतीत उत्तर 'हो' आलं. आकडा चांगला आहे. फक्त सिझरच्या बाईला तो लावून पाहिला की त्यातली गंमत कळते. दुसऱ्या दिवशी ती वॉर्डातच असते, बहुधा नुकती कॅथेटर काढून भिंतीला धरून चालायला लागलेली. तिची तपासणी न होणंच अवघड. तिच्या दुखण्याचा काळ सुरू होतो तो पुढे, आणि तिथे मोजणारं कोणी नाही. बाळंतिणीचा जीव वाचवण्यात महाराष्ट्राने मोठी मजल मारली आहे. २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार राज्यात लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते, देशात ९७. जी वाचली तिचे टाके भरले का, हा प्रश्न मात्र अजून कोणाच्याच तक्त्यात नाही.

जखमेकडे जरा जवळून पाहायला हवं. एकेकाळी सिझर म्हणजे आईचा मृत्यू जवळपास ठरलेला असे, कारण कापलेलं गर्भाशय तसंच सोडून देत. १८८२ साली जर्मनीत माक्स झेंगर यांनी चांदीची तार आणि रेशीम वापरून गर्भाशयाला नीट टाके घालण्याची पद्धत मांडली आणि चित्र बदलू लागलं. ओटीपोटावर आडवा छेद घेण्याची पद्धत फानेनश्टील यांनी १९०० साली प्रसिद्ध केली. आज दिसतो तो 'बिकिनी लाइन'चा व्रण त्याच घराण्यातला. वरून ही रेघ वीतभरही नसते. तिच्याखाली चरबी, स्नायूंवरचं जाड आवरण, पोटाचा पडदा आणि गर्भाशय असे थर असतात आणि प्रत्येकाची भरून येण्याची गती वेगळी. कातडीची वरची कड दोनेक दिवसांत सांधते. म्हणूनच दोन दिवसांनी पट्टी काढून जखम उघडी ठेवायला हरकत नसते. ब्रिटनची 'नाइस' ही मार्गदर्शक संस्था तर पट्टी सहा ते चोवीस तासांतच काढा म्हणते. पण सांधलं म्हणजे मजबूत झालं असं नाही. पहिल्या आठवड्याच्या शेवटी, म्हणजे नेमके टाके काढतात तेव्हा, त्या रेघेत मूळ कातडीच्या ताकदीचा जेमतेम दहावा हिस्सा असतो. तीन महिन्यांनी ती ऐंशी टक्क्यांपर्यंत पोचते आणि त्यापुढे फारशी जात नाही.

टाके काढण्याचा कार्यक्रम पाच मिनिटांचा. सिस्टर आधी औषधाने पुसून घेते, चिमट्याने गाठ उचलते, गाठीखाली एकाच बाजूने कात्री लावते आणि धागा सर्रकन ओढून घेते. दोन्हीकडून कापत नाही, कारण मग धाग्याचा तुकडा आत राहतो. आणि धाग्याचा जो भाग आठवडाभर हवेत होता तो कातडीखालून ओढला जाऊ नये, असाही नेम असतो. जखमेची खात्री वाटली नाही तर जाणती सिस्टर एकाआड एक टाका काढते आणि उरलेल्यांसाठी दोन दिवसांनी बोलावते. विरघळणाऱ्या धाग्याने आतून शिवलं असेल, ज्याला बायका 'कॉस्मेटिक टाके' म्हणतात, तर काढायचं काहीच नसतं. इथे एक उलटी गोष्ट घडते. काढायला टाके नाहीत म्हणून आठव्या दिवशीची फेरीही बुडते, आणि जखम एखाद्या जाणत्या नजरेखालून जाण्याची ती शेवटची संधी निसटते. शस्त्रक्रियेतली ही सुधारणा पाठपुराव्याच्या मुळावर आली, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

कारण जंतुसंसर्ग दिसू लागतो तो बहुतेकदा घरी गेल्यावर. शस्त्रक्रियेच्या जखमेतला संसर्ग ठरवताना तीस दिवसांची मुदत धरतात ती उगाच नाही. इंग्लंडमधल्या चौदा रुग्णालयांत सिझर झालेल्या ४१०७ बायकांचा घरी गेल्यानंतरही माग ठेवला, तेव्हा त्यांतल्या ९.६ टक्के जणींच्या जखमेत संसर्ग झाल्याचं आढळलं. २०१२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. संसर्गासाठी पुन्हा भरती व्हावं लागलं अशा बायका त्यात फार थोड्या होत्या. म्हणजे रुग्णालयाने फक्त आपल्या दारात परत आलेल्या मोजल्या असत्या तर सगळं आलबेल दिसलं असतं. आपल्याकडे अनेक दवाखाने 'आमच्याकडे इन्फेक्शन नाही' असं ठामपणे सांगतात. ते खोटं बोलत असतात असं नाही. ज्या बाईच्या टाक्यांत पू झाला ती माहेरच्या गावातल्या डॉक्टरकडे गेलेली असते, एवढंच.

संसर्ग टाळण्याचं निम्मं काम मात्र ऑपरेशन टेबलावरच व्हायचं असतं. छेद घेण्याआधी तासाभरात दिलेला प्रतिजैविकाचा एक डोस हा त्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सिद्ध झालेला उपाय. त्याने जखमेतला आणि गर्भाशयातला संसर्ग निम्म्याहून अधिक कमी होतो. कळा सुरू झाल्यानंतर किंवा पाणमोट फुटल्यानंतर तातडीने कराव्या लागलेल्या सिझरमध्ये नेहमीच्या डोसाच्या जोडीला अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं तर आणखी फायदा होतो, हे २०१६ च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसलं: संसर्गाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.१ वर आलं. कातडीखालची चरबी दोन सेंटिमीटरहून जाड असेल तर तिला वेगळे टाके घातल्याने जखम उकलण्याचं प्रमाण घटतं. आपल्याकडचा भर मात्र नंतरच्या गोळ्यांवर. पाच दिवस, सात दिवस, शिवाय एखादं इंजेक्शन. गुंतागुंत नसेल तर शस्त्रक्रिया संपल्यावर प्रतिजैविकं चालू ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात. डॉक्टरांची बाजूही ऐकायला हवी. बाई कुठल्या घरात जाणार, तिथे पाणी कसं आहे, ती परत येईल की नाही, यातलं काहीच त्यांच्या हातात नसतं. परत येण्याची खात्री नसल्यामुळे जी सावधगिरी गोळ्यांतून घेतली जाते तिची किंमत जुलाब, आणि औषधांना न जुमानणारे जंतू, अशा रूपात चुकवावी लागते.

कोणाच्या टाक्यांना धोका जास्त, हे आधीच सांगता येतं. मधुमेह, जास्तीचं वजन, लांबलेल्या कळा, पाणी जाऊन उलटलेले बरेच तास, वारंवार झालेली आतली तपासणी आणि रक्तक्षय. यातल्या शेवटच्या गोष्टीबद्दल बोलायचं तर २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता. अशा बाईला चौदाव्या दिवसापर्यंत दोनदा तरी कोणी पाहायला हवं. प्रत्यक्षात तिच्या कार्डावरही तीच दोन वाक्यं असतात.

आता घरात जाऊ. सिझरची बाई घरी आली की तिच्याभोवती दोन पिढ्यांचं शहाणपण गोळा होतं, आणि ते सगळं टाकाऊ नसतं. सव्वा महिना विश्रांती हा नेम वैद्यकशास्त्राच्या सहा आठवड्यांशी जवळजवळ जुळतो. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, खसखस, मेथी यांत वाईट काही नाही. फक्त सोबत पाणी आणि पालेभाजी हवी, कारण बद्धकोष्ठ झालं की कुंथताना पहिला ताण पोटावर येतो. अडचण अशी की हे नेम ज्या बाळंतपणासाठी बेतले गेले त्यात पोटावर जखम नव्हती. शेगडीच्या शेकाचं उदाहरण घ्या. छेद घेताना कातडीतल्या बारीक नसा कापल्या जातात आणि व्रणाच्या आसपासचा भाग कित्येक महिने बधिर राहतो. तिथे निखाऱ्याचा किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक दिला तर भाजल्याचं बाईला कळतच नाही. बंद खोलीत ओवा-वेखंडाची धुरी दिली की कोळशाचा वायू आई आणि बाळ दोघांच्याही छातीत जातो. अंगाला तेल लावायला हरकत नाही, पण मालिशवाल्या बाईचा हात पोटाकडे वळता कामा नये, निदान टाके पूर्ण भरेपर्यंत. पोट बांधण्याचं दोन्हीकडून बोलता येतं. मऊ, रुंद पट्टा चालताना आधार देतो. साडीने करकचून आवळलेलं पोट मात्र जखमेवर घाम धरून ठेवतं. पट्ट्याने पोट आत जातं ही समजूत तेवढी सोडून द्यावी.

'भात खाऊ नको, टाक्यांत पाणी होईल.' हे वाक्य विदर्भापासून कोकणापर्यंत ऐकू येतं. भाताने टाक्यांत पाणी होत नाही. पाणी होतं ते कातडीखालच्या चरबीत साचलेल्या द्रवामुळे किंवा संसर्गामुळे. पण भात, डाळ, आंबट असं एकेक बंद करत गेलं की बाळंतिणीच्या ताटात उरतं काय? भाकरी आणि तूप. जखम भरायला लागणारी प्रथिनं ज्या डाळ-अंडी-दुधातून यायची तीच आधी बंद होतात. दुसरी तितकीच पक्की समजूत म्हणजे टाक्यांना पाणी लागू द्यायचं नाही. त्यापायी आठ-आठ दिवस आंघोळ टळते, घाम साचतो, आणि पोटाची घडी छेदावर येत असेल तर तिथे ओल कायम राहते. खरी काळजी साधी आहे. रोज आंघोळ, जखमेवरून साबणाचं पाणी वाहू द्यायचं, घासायचं नाही, मग स्वच्छ फडक्याने टिपून कोरडं करायचं. सैल सुती कपडे घालायचे आणि चड्डीचं इलॅस्टिक छेदाच्या वर येईल असं पाहायचं. हळद, खोबरेल, पावडर, शेजारणीने दिलेलं मलम यातलं काही लावायचं नाही. वेदनेची गोळी घेतल्याने दूध बिघडतं म्हणून दात-ओठ खाऊन राहणाऱ्या बायका खूप. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन अंगावर पाजणाऱ्या आईला चालतं. दुखणं दाबून ठेवणारी बाई चालत नाही, आणि सिझरनंतरच्या दिवसांत न चालण्याचा धोका पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा असतो.

घराचा दुसरा मुद्दा भूगोलाचा. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत अजून टिकून आहे. नाव नोंदवलेलं सासरच्या तालुक्यात, सिझर माहेरच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, टाके मावशीच्या ओळखीच्या दवाखान्यात, आणि बारशानंतर बाई पुन्हा सासरी. आशाताईच्या वहीत ती एका गावात असते आणि बाजेवर दुसऱ्या. कागद तिच्याबरोबर फिरतो तो बाळाचा. तिची फाइल ऑपरेशन झालं तिथेच राहते.

आशाताईंच्या गृहभेटींची कहाणी महाराष्ट्रातच सुरू होते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. या प्रयोगाने बालमृत्यू किती घटले हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं आणि २०११ पासून तो देशाचा कार्यक्रम झाला. दवाखान्यातल्या प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट, आणि सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर २५० रुपये. सिझरची बाई पाच-सहा दिवस दवाखान्यातच असते, म्हणून तिच्या बाबतीत सातव्या दिवसापासूनच्या पाच भेटी झाल्या तरी पूर्ण मोबदला मिळतो. म्हणजे या योजनेने सिझरची दखल घेतली, पण हिशेबाच्या बाजूने. भेटीच्या मूळ फॉर्मात आईचा भाग आहे. दिवसातून किती वेळा पोटभर जेवली, किती घड्या बदलल्या, ताप किती, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास आहे का, असंबद्ध बोलते का, छाती दुखते का. टाक्यांसाठी रकाना नाही. यात बंग दांपत्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्यांच्या गावांत तेव्हा बाळंतपणं घरात होत होती. पण गडचिरोलीतल्या झोपडीसाठी आखलेला फॉर्म आज जिथे चारात एक सिझर होतं त्या राज्यात वापरला जातोय, तर त्यात एक ओळ वाढवायला काय हरकत आहे?

एका ओळीने काय होतं ते रवांडात दिसलं. तिथल्या किरेहे जिल्ह्यात आरोग्यसेविका सिझरनंतर दहाव्या दिवसाच्या सुमाराला बाईच्या घरी जात, ठरलेले मोजके प्रश्न विचारत आणि मोबाइलवर जखमेचा फोटो काढत. त्या फोटोंवरून संसर्ग ओळखता येईल का, यावर तिथल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून काम केलं. आपल्या आशाताईच्या हातात मोबाइल आहे, पिशवीत थर्मामीटर आहे, आणि 'ताई, टाक्यातून पाणी येतंय बघा' हे वाक्य तिला दर महिन्याला कुठे ना कुठे ऐकावं लागतं. अडचण आहे ती आडोशाची. पुरुषमाणसांनी भरलेल्या एका खोलीच्या घरात ओटीपोटावरची जखम दाखवायला बाई तयार होत नाही, आणि सासू म्हणते, 'सगळं चांगलंय, बाळाचं वजन करा.'

आणि जिथे घरच हलतं तिथे गृहभेट कुठे करायची? बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघणारी कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात चार-पाच महिने फडाच्या कडेला कोपीत राहतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, आणि त्यावर आधीच घेतलेली उचल. बाई कामावर आली नाही तर खाडा पडतो, त्याचे पैसे कापले जातात. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर फळीने चढणं हे तिच्या कामाचा भाग. सहा आठवडे जड उचलायचं नाही, या सल्ल्याचा तिथे काय पाड लागणार? २०१७ च्या सुधारित कायद्याने दिलेली सव्वीस आठवड्यांची प्रसूती रजा तिच्यापर्यंत पोचत नाही, कारण तिला मालक असा कागदावर नसतोच.

परदेशी गेलेल्या मराठी मुलींचा अनुभव दुसऱ्या टोकाचा, पण पोकळी तीच. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने विमा कंपन्यांना सिझरनंतर किमान ९६ तासांचा मुक्काम द्यावा लागतो. त्यानंतर बाई घरी. तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली जुनी 'सहा आठवड्यांनी एकदा या' ही पद्धत मोडीत काढली आणि पहिल्या तीन आठवड्यांत संपर्क, रक्तदाब वाढलेला असेल तर त्याहून लवकर, आणि बारा आठवड्यांच्या आत पूर्ण तपासणी, असं सांगितलं. मधला काळ सांभाळायला पुण्या-नाशकाहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आई जाते, बॅगेत डिंक आणि बाळंतशेपा घेऊन. नेदरलँड्समध्ये हेच काम सरकारमान्य व्यवस्थेत बसवलेलं आहे. शिकलेली परिचारिका आठवडाभर रोज काही तास घरी येते, टाके पाहते, बाळाला न्हाऊ घालते, आईला झोपायला लावते. इंग्लंडात दाई घरी येते. आणि सहा ते आठ आठवड्यांनी घरच्या डॉक्टरने आईला स्वतंत्रपणे तपासलंच पाहिजे, अशी अट २०२० पासून त्यांच्या करारात आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची शिफारस किमान चार भेटींची: पहिला दिवस, दोन-तीन दिवसांनी, दुसरा आठवडा आणि सहावा आठवडा. आपल्याकडे गरोदर बायकांसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला मोफत तपासणीचा दिवस २०१६ पासून आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सिझर मोफत, सात दिवसांचं जेवण मोफत आणि घरी सोडायला गाडीही मोफत. गाडीतून उतरली की मात्र तिच्यासाठी ठरलेली तारीख नाही. बाळाच्या दीड महिन्याच्या डोसाच्या दिवशीच त्याच छपराखाली आईसाठी एक टेबल लावलं तर वेगळी फेरी, वेगळा खर्च, वेगळी परवानगी यातलं काहीच लागणार नाही. इतकं सोपं असून ते सगळीकडे का होत नाही, हे कोडंच आहे.

त्या टेबलावर काय पाहायचं, याची यादी टाक्यांपाशी थांबत नाही. रक्तदाब सिझरनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत वर जातो आणि झटके येण्याचा धोका सहा आठवड्यांपर्यंत राहू शकतो. डोकं फुटेल असं दुखणं आणि डोळ्यांपुढे अंधारी येणं याला 'भुलीच्या इंजेक्शनामुळे' म्हणून गप्प बसवणं महागात पडतं. गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर सहाव्या आठवड्याला पुन्हा ग्लुकोज पाजून तपासायची असते, कारण अशा बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या सातेक पट असते. सिझरच्या वेळी बसवलेल्या तांबीचा धागा दिसतो का ते बघायचं. झोप लागते का, उगीच रडू येतं का, बाळाकडे पाहावंसं वाटत नाही असं होतं का, हे आई किंवा सासू समोर नसताना विचारायचं. १९८७ साली एडिंबरोत तयार झालेली दहा प्रश्नांची यादी त्यासाठी जगभर वापरतात आणि तिला दहा मिनिटंही लागत नाहीत.

थांबायचं नाही अशी लक्षणं मोजकी आहेत. शंभराच्या वर ताप, छेदाभोवती पसरत जाणारी लाली, दिवसागणिक वाढणारं दुखणं, घाण वासाचा स्राव, टाक्याची फट उघडणं, तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव, एका पोटरीला सूज, धाप. यांतलं काहीही झालं तर तारखेची वाट न पाहता जायचं. याउलट व्रणाला खाज येणं, बधिरपणा, थोडा चरचराट, पांढरट पाण्याचा एखादा ठिपका यांनी घाबरायचं कारण नसतं. आणि एक गोष्ट उशिरा उगवते. वर्षा-दोन वर्षांनी व्रणात छोटी गाठ येते आणि पाळीच्या दिवसांत ती ठणकते. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या पेशी छेदात राहून गेल्याने असं होतं. शस्त्रक्रियेने ती बरी होते, पण अनेकींना तोवर गळू म्हणून औषधं दिलेली असतात.

शेवटी प्रश्न येतो पुढच्या बाळंतपणाचा, आणि तिथे या पाच आठवड्यांचा हिशेब वसूल होतो. दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर असेल तर कळांमध्ये जुना व्रण उसवण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटना प्रसूतीनंतर पुन्हा दिवस जाईपर्यंत किमान दोन वर्षं जाऊ द्या म्हणते. पहिलं सिझर असलं तरी दुसरं बाळंतपण नैसर्गिकरीत्या होऊ शकतं. योग्य निवड केलेल्या बायकांपैकी साठ ते ऐंशी टक्के जणींना ते जमतं. पण निवड करायची कशावरून? दुसऱ्या खेपेला डॉक्टर विचारतात, 'पहिलं सिझर कशासाठी केलं होतं?' उत्तर येतं, 'पाणी कमी झालं होतं म्हणाले', किंवा 'बाळाने शी केली होती.' पोटावरची आडवी रेघ पाहून काहीच कळत नाही, कारण कातडीवरचा छेद आडवा असला तरी आत गर्भाशयावरचा उभा असू शकतो. खालच्या भागातल्या आडव्या छेदानंतर कळा देऊ दिल्या तर गर्भाशय फाटण्याचा धोका हजारात पाच ते नऊ. वरच्या उभ्या छेदानंतर तो याच्या कित्येक पट. दोन्हींतला फरक ऑपरेशनच्या नोंदीतच असतो, आणि ती नोंद नसेल तर सावध डॉक्टर पुन्हा सिझरच सुचवतात. सिझर का झालं, गर्भाशयावर छेद कसा घेतला, रक्त किती गेलं, तांबी बसवली का आणि टाके कोणत्या धाग्याचे, या पाच गोष्टी डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून मागायला बाईला किंवा तिच्या आईला काहीच अडचण नसावी. कार्डाचा एक फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये आणि एक माहेरी, आणि हीच माहिती बाळाच्या माता-बाल संरक्षण कार्डातल्या आईच्या पानावर. ते पान त्या कार्डात आधीपासूनच आहे, बहुतेक वेळा कोरं.